सोलापुरात रस्त्यावर राहणाऱ्या माणसांचे फोटो काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान हौशी आणि व्यावसायिक फोटोग्राफरांसाठी आहे, तसंच वाटपाच्या कार्यक्रमांचे फोटो काढणाऱ्या मंडळांसाठी आणि संस्थांसाठीही. पाठोपाठ वाचलंच पाहिजे असं नाही. पण कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडणार असाल तर 'परवानगी मागायची कशी?' हा प्रश्न आधी वाचा.

प्र. फूटपाथवर झोपलेला माणूस म्हणजे बेघरच ना?

नाही, आणि सोलापुरात ही गफलत फार होते. सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात नि बाहेर चादर अंथरून पडलेले बहुतेकजण पेशंटचे नातेवाईक असतात. अक्कलकोट, अफझलपूर, इंडीकडून आलेले, घरदार असलेले. आश्विनात तुळजापूरला पायी निघालेले भाविक रस्त्याच्या कडेला आडवे होतात. आषाढीला शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापूरवरून जाते तेव्हा वारकरी जागा मिळेल तिथं पाठ टेकतात. जानेवारीत होम मैदानावरच्या गड्डा यात्रेत दुकानदार स्टॉलखालीच झोपतात. हंगामात ऊसतोड कामगार कोप्या टाकून राहतात. त्यांचं गाव असतं, गावात घर असतं. पोतराज, वासुदेव, नंदीवाले हे परंपरेने दारोदार फिरतात. त्यांना भिकारी म्हणणं चूक, आणि बेघर म्हणणंही बऱ्याचदा चूकच.

२०११च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री वेगळी झाली. तेव्हाची व्याख्या साधी होती: जे घरात किंवा इमारतीत न राहता रस्त्याकडेला, फूटपाथवर, मोठ्या पाइपात, पुलाखाली, देवळात, फलाटावर उघड्यावर राहतात ते. देशभरात अशी सुमारे १७.७ लाख माणसं मोजली गेली. तुमच्या फोटोतला माणूस त्यात बसतो का, हे फोटोकडे बघून कळत नाही. विचारावं लागतं. विचारलं नसेल तर 'बेघर' हा शब्द फोटोखाली लिहू नका.

प्र. रस्ता सार्वजनिक आहे, फोटो काढायला कायद्याची बंदी नाही. मग परवानगी कशासाठी?

सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही, हे खरं. पण आपण रस्त्यावरून घरी जातो आणि दार लावून घेतो. ज्याला लावायला दारच नाही त्याचं जेवणं, केस विंचरणं, पोराला निजवणं, आजारपण सगळं लोकांसमोर चालतं. तो ते दाखवत नसतो, त्याच्यापुढे दुसरा इलाज नसतो. म्हणून त्याच्या अंथरुणाच्या कडेला उंबरठा आहे असं समजा. दुसऱ्याच्या घरात आपण हाक मारल्याशिवाय शिरत नाही.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याहून जवळची गोष्ट म्हणजे १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे. भीक मागताना सापडलेल्याला वॉरंटशिवाय पकडता येतं आणि १ ते ३ वर्षं संस्थेत ठेवता येतं. चेहरा, चौक आणि 'भीक मागताना' ही ओळ तुम्ही एकत्र छापलीत, तर त्या माणसाविरुद्धचा कागद तुमच्या हातून तयार होतो. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी.

प्र. परवानगी मागायची कशी?

पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. गळ्यात लटकलेला कॅमेरा बोलणं सुरू व्हायच्या आत दोघांमध्ये येतो. वेळ बघून जा. पहाटे माणसं अंथरूण गुंडाळण्याच्या आणि कुणी हाकलण्याआधी उठण्याच्या गडबडीत असतात. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेलेला असताना दुपारी सावलीत पडलेल्याला उठवणं म्हणजे छळच. संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर, साधारण ८ ते ९, बोलायला सवड असते.

उभ्याने बोलू नका. "बसू का ओ मावशी जरा इथं?" असं विचारून हातभर अंतरावर उकिडवे बसा. अंथरुणावर पाय देऊ नका, चपला बाहेर काढा. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा. मग कामाचं: फोटो काढायचा आहे, तो कुठे दिसेल, कोण बघेल. 'सोशल मीडिया' म्हणून काही कळत नाही. मोबाइलवर आधीचा एखादा प्रसिद्ध झालेला फोटो उघडून दाखवा: "असा दिसेल. हा फोटो तुमच्या गावातले, तुमचे पाहुणेही बघू शकतील." हे शेवटचं वाक्य गाळू नका. पुष्कळजण गावी 'सोलापुरात काम लागलंय' असं सांगून आलेले असतात, आणि नकार बहुतेक वेळा इथेच येतो.

मग थांबा, गप्प बसा. उत्तर घाईने ओढून घेतलं की 'हो' मिळतं, पण ते तुम्हाला वाटेला लावण्यासाठी असतं. नुसती मान हलली, नजर खाली गेली, पदर पुढे आला, बाईने उत्तर द्यायच्या आधी शेजारच्या माणसाकडे पाहिलं, तर तो नकार समजा. "बरं" म्हणून इकडचं तिकडचं दोन शब्द बोला आणि निघा. नकार दिल्यावर काही वाईट घडत नाही हे त्या फूटपाथवरच्या सगळ्यांनी एकदा पाहिलं की पुढच्या खेपेला मिळणारा होकार खरा असतो.

फोटो काढल्यावर तो स्क्रीनवर दाखवा आणि दुसऱ्यांदा विचारा. काढायची परवानगी वेगळी, दाखवायची वेगळी. स्वतःचा चेहरा बघून बऱ्याचजणांचं मन बदलतं, आणि ते बदलायला जागा ठेवणं हे आपलं काम.

प्र. समोरच्याला मराठी नीट येत नसेल तर?

सोलापुरात हे रोजचंच. कानडीत "फोटो तगीली?", तेलुगूत "फोटो तीयना?" एवढं विचारता आलं तरी चालतं. पण विचारता येण्यापेक्षा नकार ओळखता येणं महत्त्वाचं. कानडीत "ब्याड", तेलुगूत "वद्दु". हे दोन शब्द ऐकू आले की कॅमेरा खाली. हसत म्हटले असले तरीही. दुभाष्या लागला तर जवळचा चहावाला चालेल, पण हवालदार किंवा सिक्युरिटी गार्ड नको. त्यांच्यासमोर कुणी नाही म्हणत नाही.

प्र. लेखी संमती घ्यावी का? सही येत नसेल तर अंगठा?

अंगठा घेऊ नका. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊन जमीन गेली, कर्ज डोक्यावर बसलं, असं घराघरात ऐकलेलं असतं. सोलापुरात त्याला आणखी एक पदर आहे. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, आणि त्यांना ठेवायला इथं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. माणसांची नोंद ठेवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची, असा तो कारभार होता. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या बोलण्यात आजही आहे. त्या समाजांतल्या माणसासमोर कॅमेरा आणि शाईचं पॅड एकत्र काढलंत, तर तुम्ही त्याला कशाची आठवण करून देताय याची जाणीव असू द्या.

त्याऐवजी मोबाइलवर ३० ते ४० सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करा, तोही विचारून. त्यात तुम्ही कोण, फोटो कुठे वापरणार, कुठे वापरणार नाही आणि त्यांचं उत्तर, एवढं त्यांच्याच भाषेत असावं. फाइलला माणसाचं नाव देऊ नका. फोटोचा नंबर द्या. तुमचं नाव आणि मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड त्यांच्याकडे ठेवा. वाचता येत नसलं तरी चालेल. कुणाकडून तरी फोन लावून घेता येतो. जाहिरातीसाठी किंवा स्टॉक एजन्सीला (फोटोंची विक्री करणाऱ्या कंपनीला) विकायचा फोटो असेल तर लेखी मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाचं सहीचं संमतिपत्र, लागतं. आमचं स्पष्ट मत: रस्त्यावरच्या माणसाचा फोटो अशा विक्रीला काढूच नये.

प्र. विचारलं की माणूस ताठ बसतो, नैसर्गिकपणा जातो.

पहिले ५-७ मिनिटं जातो. तेवढं बसा. ताठ बसलेला फोटोही काढा, कारण केस सारखे करून, शर्टाची कॉलर ओढून माणूस जसा दिसू इच्छितो तसा तो फोटो असतो, आणि प्रिंट द्यायला हाच बरा.

प्र. लांबून, टेलिफोटोने काढला तर त्रासही होत नाही.

त्रास कळत नाही, एवढंच. ७०-२०० मिमीच्या झूम लेन्सने रस्त्यापलीकडून टिपलेल्या चेहऱ्याला तुम्ही दिसलेलेच नसता, म्हणजे 'नको' म्हणायची संधीच त्याला मिळालेली नसते. फोटो म्हणूनही तो फसतो: लांब लेन्सने मागचं सगळं धूसर होतं, अंतर चपटं होतं आणि उरतो फक्त एक थकलेला चेहरा. तो माणूस कुठे राहतो, कसा राहतो, भांडी कशी लावतो, हे काहीच दिसत नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ किंवा ३५ मिमी, एपीएस-सी असेल तर १८ किंवा २३ मिमी घ्या आणि दीड-दोन मीटरवर बसा. लेन्स समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीला असू द्या. माणूस खाली बसलेला आणि फोटो उभ्याने काढलेला असला की तो कितीही चांगला छापा, बघणारा त्याच्याकडे वरूनच बघतो. १ मीटरच्या आत ३५नेही नाक-कपाळ फुगून चेहरा विद्रूप होतो, तेव्हा फार जवळही जाऊ नका.

प्र. झोपलेल्या माणसाचा फोटो?

नाही. झोपलेला माणूस हो किंवा नाही, काहीच म्हणू शकत नाही.

प्र. सोलापुरी चादरीखाली पूर्ण झाकलेला असेल, चेहरा दिसत नसेल तर?

तरीही सकाळी परत जाऊन फोटो दाखवायची तयारी असेल तरच. चादरीची नक्षी, उशाशी ठेवलेलं गाठोडं, भिंतीचा कोपरा यावरून त्या भागातले लोक माणूस बरोबर ओळखतात.

प्र. लहान मुलं स्वतःच "फोटो काढा" म्हणत मागे लागतात. मग काय हरकत?

काढा, दाखवा, हसू द्या, आणि आई-बाप किंवा सांभाळणारं माणूस जवळ नसेल तर तिथेच डिलीट करा. मुलाचा होकार ही संमती नव्हे. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार घरदार नसलेलं किंवा रस्त्यावर राहणारं, भीक मागताना सापडलेलं मूल हे 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. अशा मुलाच्या चौकशीच्या किंवा प्रकरणाच्या बातमीत त्याची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला कलम ७४ची मनाई आहे: नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रकरण सुरू असो वा नसो, नियम एकच ठेवा: ओळख पटेल असा मुलाचा फोटो बाहेर जाणार नाही. हात, पाय, मातीत आखलेला खेळ, पाठमोरी पळापळ यातूनही मूलपण दिसतं. मूल एकटं असेल, हरवल्यासारखं वाटत असेल तर आधी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावा.

प्र. बायकांच्या बाबतीत वेगळं काय?

ठिकाण. एकटी बाई रात्री कुठे झोपते हे फोटोवरून कळणं तिच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून मागच्या दुकानाची पाटी, एसटीचा फलक, पुतळा, देवळाचं शिखर यातलं काहीही फ्रेममध्ये नको. फोटो त्याच रात्री टाकू नका. निदान ३-४ आठवडे जाऊ द्या. सार्वजनिक नळावर आंघोळ, कपडे बदलणं, पोराला पाजणं या वेळी कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. आंघोळ करत असलेल्या किंवा अंगावर पुरते कपडे नसलेल्या बाईचं असं चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली येऊ शकतं. पहिल्याच गुन्ह्याला किमान १ आणि कमाल ३ वर्षं कैद आहे.

प्र. दारूच्या नशेत किंवा मानसिक आजारी वाटणाऱ्या माणसाचा?

काढू नका. नशेतला होकार सकाळी त्याला आठवणारही नाही. आणि आपण डॉक्टर नाही, तेव्हा कॅप्शनमध्ये 'वेडा' किंवा 'मनोरुग्ण' लिहायचा आपल्याला काय अधिकार? भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षण देऊन तपासणीला नेणं हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांचं कर्तव्य ठरवलं आहे, ११२ला कळवा. सल्ला हवा असेल तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

प्र. पैसे द्यावेत का?

फोटोच्या आधी नको. ज्याला आज रात्रीच्या भाकरीची भ्रांत आहे त्याच्यासमोर ५०ची नोट धरून 'फोटो काढू का' विचारणं हा प्रश्न राहतच नाही. चहा सगळ्यांना सांगा: फोटो दिलेल्यालाही आणि न दिलेल्यालाही. एकालाच दिला की दुसऱ्या दिवशी तिथं वाद होतात आणि त्याचा त्रास त्यालाच होतो. कुणी स्वतःहून मागितले तर फोटो झाल्यावर जमेल ते द्या, आणि तो फोटो स्पर्धेत बक्षीस घेऊन आला तर त्यातला वाटा नेऊन द्या. हिशेब सरळ आहे.

प्र. आमचं मंडळ थंडीत ब्लँकेट वाटतं. देणगीदारांना फोटो दाखवावे लागतात.

दाखवा, पण घेणाऱ्याचा चेहरा नको. ब्लँकेटच्या बदल्यात चेहरा मागणं हा सौदा आहे, आणि त्यात नकार द्यायचा तर थंडीत कुडकुडावं लागतं. वाटपाआधी टेम्पोत लावलेला ढीग, मोजणी करणारे कार्यकर्ते, पावती, पिंप भरून केलेला भात, देणाऱ्यांचे चेहरे, एवढ्यात सगळा हिशेब दिसतो. वाटप चालू असताना एकच फोटोग्राफर ठेवा आणि तो घेणाऱ्यांच्या पाठीमागे उभा करा. फ्लॅश बंद. दहा कार्यकर्त्यांनी दहा मोबाइल काढले की रांगेतली निम्मी माणसं तोंड फिरवतात आणि काहीजण ब्लँकेट न घेताच निघून जातात. मग ज्याच्यासाठी आलो तेच राहून जातं.

प्र. रात्री फ्लॅशशिवाय जमतं का?

जमतं. दिव्याच्या खांबाखाली किंवा बंद दुकानाच्या उजेडात एफ/२, १/१०० आणि आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं की एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणून १/५० किंवा १/१००वरच राहा. १/२५०ला पट्टे हमखास. फोकस असिस्टचा लाल-नारिंगी दिवा मेनूतून बंद करा, तो थेट डोळ्यांत जातो. स्टेशनच्या आत मात्र नियम वेगळे. फलाटावर व्यावसायिक चित्रणाला रेल्वेची परवानगी लागते.

प्र. चेहरा ब्लर केला की झालं का?

ओळख लपवायची असेल तर फोटो काढतानाच लपवा: पाठमोरा, सावलीत, नुसते हात. नंतर मारलेला हलका ब्लर पुरत नाही, ओळखीच्या माणसाला त्यातूनही कळतं. गोंदण, हॉस्पिटलचा पट्टा, कपाळावरचा मळवट, कुबडी, आधार कार्ड ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी, हे सगळं झूम करून तपासा. कागदपत्रावरचं एकही अक्षर वाचता येता कामा नये.

मग फाइलमधली माहिती. मोबाइलच्या फोटोत जीपीएसने जागा नोंदलेली असते. कॅमेरा ॲपमधलं लोकेशन निघण्याआधी बंद करा. लाइटरूमसारख्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करताना लोकेशन काढून टाकायचा पर्याय निवडा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोतून ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. वृत्तपत्राला किंवा स्पर्धेला मोठी फाइल पाठवताना नेमकी हीच चूक होते.

प्र. कॅप्शनमध्ये काय लिहावं?

जे दिसतं आणि जे सांगितलं गेलं तेच. 'दारिद्र्याचा चेहरा', 'नशिबाचे भोग', 'हरवलेली नजर' हे तुमच्या मनातलं आहे, फोटोतल्या बाईंचं नाही. 'सकाळचा चहा, सोलापूर, जानेवारी' हे पुरेसं आहे. त्यांनी स्वतः सांगितलं आणि लिहायला हरकत नाही म्हटलं, तर 'आधी विडी वळायच्या, आता भंगार गोळा करतात' असंही लिहा. कामाचा उल्लेख आला की वाचणारा माणसाकडे माणूस म्हणून बघतो. नाव, चौक, पेठ नको.

प्र. प्रिंट नेऊन द्यावी का? पाऊसपाण्यात टिकते का?

द्यावीच, आठवड्याच्या आत. उशीर झाला तर माणूस जागेवर सापडत नाही. ४ बाय ६ इंच बरी. मोठी घडी घालून ठेवतात आणि घडीवर रंग उडतो. घरच्या इंकजेटची नको, ओल लागली की शाई पसरते. फोटो लॅबमधली घ्या आणि लॅमिनेट करा. प्रिंटच्या चारी बाजूंनी ३-४ मिमी प्लॅस्टिक शिल्लक ठेवून कापायला सांगा. कडेला लागून कापलं तर तिथूनच पाणी शिरतं. दोन प्रती द्या: एक जवळ ठेवायला, एक गावी पाठवायला.

प्र. मदत लागली तर कुणाला कळवायचं?

आजारी, जखमी माणसासाठी १०८. वृद्ध एकटे असतील तर १४५६७. बेघरांसाठी निवारा ही महापालिकेची जबाबदारी आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार दर १ लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांचा कायमस्वरूपी निवारा हवा होता, आणि २०११ला सोलापूरची लोकसंख्याच साडेनऊ लाखांच्या घरात होती. निवाऱ्याची जागा आणि प्रवेशाची वेळ पालिकेतून आधी विचारून ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर पत्ता सांगता येतो. पण माणसाला विचारल्याशिवाय कुणालाही बोलावू नका. सामान जाईल, जोडीदारापासून वेगळं करतील, या भीतीने पुष्कळजण निवाऱ्याला नाही म्हणतात.

प्र. कुणी चिडलं, अंगावर आलं तर?

कॅमेरा खाली, चूक कबूल, फोटो दाखवून डिलीट. 'मला कायद्याने हक्क आहे' हे वाक्य तिथं उच्चारू नका; गर्दी जमते, पोलीस येतात आणि तुम्ही घरी गेल्यावर हाकललं जातं त्यांना.

प्र. महिन्यांनी कुणी सांगितलं, 'फोटो काढून टाका', तर?

कारण न विचारता काढून टाका. प्रताधिकार कायद्याने फोटो तुमचा असला तरीही. आणि नीट काढून टाका: कॅमेऱ्याला दोन कार्डं असतील तर दोन्हींवरून, लॅपटॉपवरून, बॅकअप डिस्कवरून. गूगल फोटोजवर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, आयफोनच्या 'रिसेंटली डिलीटेड'मध्ये ३० दिवसांपर्यंत. तिथूनही रिकामा करा. ज्यांनी शेअर केलाय त्यांना निरोप द्या, छापणाऱ्या संपादकाला ईमेल करा. संमतीची आवाजाची फाइलही पुसा. मग शक्य असेल तर परत जा आणि मोबाइल त्यांच्या हातात देऊन दाखवा की तो आता कुठे दिसत नाही.